आम्ही उडी पाठ केली

दुपारचं जेवण झालं की हल्ली मला डुलकी लागते, आणि त्या डुलकीत पुष्कळदा एक फळा येतो. खालचा अर्धा गणितांनी आणि कवितांच्या ओळींनी भरलेला, वरचा अर्धा कोरा. इतका कोरा, की तिथे कधी कुणी खडू टेकवला असेल असं वाटूच नये. कडुनिंबाची सावली खिडकीतून आत येऊन त्या कोऱ्या भागावर हलत असते. मग पंख्याची घरघर कानात शिरते, सूनबाई विचारते, "आई, चहा ठेवू का?" मी हो म्हणते, पण अर्धी अजून तिथेच असते.

तो फळा आमच्या मुलींच्या शाळेतला. गाव पांझरेच्या काठचं. धुळ्याहून सकाळी बैलगाडी निघाली तर जेवणवेळेला पोचायची. नदीच्या अलीकडे चावडी, चावडीला लागून आमची एका खोलीची कौलारू शाळा, आणि अंगणात भलंमोठं कडुनिंबाचं झाड. नदीपलीकडे मुलांची शाळा. उन्हाळ्यात पांझरा इतकी बारीक व्हायची की परकर न भिजवता पलीकडे जाता यावं, तरी आमच्यातली एकही मुलगी त्या शाळेकडे कधी फिरकली नव्हती. तो काठ आम्हाला परमुलुखासारखा वाटायचा.

आमच्या बाई त्या एका खोलीत सगळ्या इयत्ता शिकवायच्या. उंच आणि सडपातळ. दारातून आत येताना त्यांना वाकावं लागे. तरी फळ्यावर लिहिताना त्यांचा हात खांद्याच्या वर जात नसे. खालचा भाग भरला की तो आम्ही पुसायचा, आणि बाईंनी पुन्हा तिथेच लिहायचं. आम्हा पोरींची समजूत अशी, की वरचा अर्धा फळा सरकारचा असणार, त्याच्यावर साहेब लोक लिहीत असतील. खरं कारण मला पुढे मायने सांगितलं. हात वर गेला की डोक्यावरचा पदर घसरतो, आणि बाई विधवा होत्या.

तसं होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. धुळ्याच्या भावाने शिकवून त्यांना मास्तरीण केलं, म्हणून त्या आमच्या गावात आल्या होत्या आणि चावडीमागच्या खोलीत एकट्या राहत होत्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, कपाळ मोकळं, आणि चालणं असं की वाळक्या पानांवर पाय पडला तरी आवाज होऊ नये. गाव त्यांना मान देत असे. कुणाच्या अंगणात मात्र त्या कधी बसलेल्या मला आठवत नाहीत.

मुंबईला आपल्या लोकांचं सरकार आलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. एक दिवस पाटील आबांनी चावडीवर हुकूम वाचून दाखवला. यापुढे शारीरिक शिक्षण हाही शाळेचा विषय धरायचा. वाचन, लेखन, गणित यांच्याबरोबर त्यालाही गुण, आणि त्यात नापास झाली तर मुलगी वरच्या इयत्तेत जाणार नाही. शिक्षकाने स्वतः करून दाखवून शिकवायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी डिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येऊन बघणार. ज्या शाळेला जमणार नाही, ती जवळच्या शाळेत मिळवायची.

मिळवायची म्हणजे काय, ते आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. जवळची शाळा नदीपलीकडे, आणि तिथे मास्तर होते आणि मुलगे होते. माझा बाप त्या संध्याकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "तठे मी पोरले नही धाडसू. घर बसी ती." असं त्या रात्री घरोघर बोललं गेलं असणार. आणि बाईंचं काय होणार तेही सगळ्यांना ठाऊक होतं. धुळ्याला भावाचं घर, आणि त्या घरातली मागची चूल. मला तेव्हा माझ्यापेक्षा बाईंचं वाईट वाटलं असं म्हणायला आवडेल, पण नाही. मला माझंच वाईट वाटलं. मला भूगोल फार आवडायचा, आणि आमचा भूगोल नुकता कुठे खानदेशाबाहेर पडला होता.

गावातल्या बायांनी मात्र या नव्या विषयाचा अर्थ आपल्या परीने लावला. शरीराची परीक्षा. साहेब येऊन मुली बघणार आणि गुण देणार. असली परीक्षा गावाला काही नवी नव्हती. पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा दुसरं काय करतात? चालून दाखव म्हणतात, केस मोकळे करायला लावतात, हाताची बोटं न्याहाळतात. या खेपेला पाहुणा एकटाच होता आणि गावातल्या सगळ्या मुली एकदम बघणार होता, एवढाच काय तो फरक. माझी माय तयारीला लागली. रोज सकाळी अंगाला हळद, डोक्याला तेल, आणि मग ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं. "हळू चाल व पोरी. नजर खाले ठेव." शेजारच्या काकू आपल्या लेकीला सकाळ-संध्याकाळ लोणी चारत होत्या. एकीने तर साहेब जातीचे कोण, याचीही चौकशी करून ठेवली. कुणी म्हणेल, इतकं खुळं गाव कुठे असतं का? होतं. मी त्या खुळ्या गावाची हळद लावून घेतलेली आहे.

मधल्या काळात बाई धुळ्याला नव्या विषयाच्या वर्गाला जाऊन आल्या. आल्या दिवशी त्यांनी फळ्याच्या खालच्या अर्ध्यावर लिहिलं, "उडी". आणि त्याखाली, "गुडघे किंचित वाकवून दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीपासून सोडवणे व पुन्हा दोन्ही पायांवर हलकेच उतरणे, यास उडी म्हणतात."

आम्ही उडी पाठ केली. मांडी घालून, पुढेमागे डोलत, पाढे म्हणतात त्या चालीवर. दुसऱ्या दिवशी "पुढे वाकणे" पाठ केलं. मग "हात वर करणे". जागच्या जागी धावणे आम्ही बसल्या जागीच पाठ केलं. बाईंनी विचारावं, "धावणे म्हणजे काय?" आणि आम्ही भिंती हादरतील असं एका सुरात सांगावं. मला ते सगळं अजून येतं. नातवाला एकदा म्हणून दाखवलं, तर तो पोट धरून हसला. हसू दे. त्याला शाळेत पळवतात, पण पळणं म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही.

आमच्यात वयाने मोठी अशी एक थोराड मुलगी होती. तिला बोलायची भीती नसे. ती एक दिवस उभी राहून म्हणाली, "बाई, पन उडी मारानी कवय?" मारायची कधी, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

फळ्याकडे वळून बाईंनी अजून तिथेच राहिलेला "उडी" हा शब्द स्वतःच्या हाताने पुसला, तेही पुसायचं काम आमचं असताना. खडूची भुकटी उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत राहिली. आम्हीही सगळ्या त्या भुकटीकडेच बघत बसलो.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. उन्हाळ्याची सकाळची शाळा, सुटायची तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला असायचा आणि गावात चिटपाखरू नसायचं.

"दाराशी उभी राहा," बाई म्हणाल्या. "कुणी येताना दिसलं तर खोक."

त्यांनी खिडकी लावून घेतली. कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. बाईंनी पदर कमरेला खोचला. मी त्यांचे केस पहिल्यांदाच पाहिले. काळेभोर होते, मानेवर घट्ट बांधलेले. मला उगीच वाटून गेलं होतं की त्या पदराखाली म्हातारं डोकं असणार. मग त्यांनी दोन्ही हात हळूहळू वर नेले. खांद्यापर्यंत आले तेव्हा ते थांबले, आणि मग एखादं अडलेलं कवाड उघडावं तसे पुढे गेले. एक कवडसा त्यांच्या तळहातावर पडला. बाई मान वर करून त्या उजेडाकडे बघत राहिल्या. मी खोकायचं विसरूनच गेले होते. कुणी आलं नाही हे नशीब.

मग त्यांनी गुडघे वाकवले. पुन्हा सरळ केले. पुन्हा वाकवले. पाय काही उचलले गेले नाहीत. अंगठे जमिनीत रुतवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

"धुळ्याला काय झालं ठाऊक आहे?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मास्तर लोक मैदानात उड्या मारत होते. आम्ही दोन-चार बायका भिंतीला पाठ लावून ते लिहून घेत होतो. कुणी आम्हाला 'करा' म्हटलं नाही, आणि आम्हीही केलं नाही. आता त्या डिपोटींपुढे काय करू? हात जातात गं वर. पाय सुटत नाहीत."

"लहानपणी मारत होता का उड्या?" मी विचारलं. आज मला माझ्या तेव्हाच्या धिटाईचं नवल वाटतं.

बाई खाली बसल्या. मीही दार सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्या बोलत होत्या, पण मला सांगत होत्या की त्या कवडशाला, कोण जाणे. "माझं माहेर तापीकाठचं. आखाजीच्या सणाला आमच्याकडे चिंचेला झोका बांधायचे. मी उभ्याने घ्यायची. त्या दिवशी इतका वर गेला होता की नदीपलीकडचे मळे दिसायला लागले. खाली माणसं जमली. मला वाटलं, माझा झोका बघायला जमलीत, म्हणून मी आणखी जोर केला. मग काकूने दोर धरला. झोका थांबला, आणि मला काकूने कडेवर उतरवून घेतलं. घरात नेलं आणि बांगड्या फोडल्या. सासरचा निरोप आला होता. ते गेले होते. मला काही कळेना. मी सारखी विचारत होते, काकू, माझा डाव संपला का?"

मला रडू कोसळलं. बाई रडल्या नाहीत. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी खिडकी उघडली. बाहेरचं ऊन धाडकन आत आलं.

त्यानंतर रोज सुटल्यावर मी दाराशी उभी राहू लागले. ते दिवस आठवले की मला वाटतं, मी ते जागेपणी पाहिलं नसावं, झोपेतच कधी पाहिलं असावं. सरकी काढायच्या जिनातले कापसाचे उरलेसुरले तंतू म्हातारीसारखे हवेत तरंगायचे, कडुनिंबाचा मोहोर कौलांवर गळायचा, आणि आत त्या बंद खोलीत एक उंच बाई हात वर करून उभी असायची. हात आता सहज जायचे. पाय मात्र जमिनीवरच.

मग आखाजी जवळ आली. खानदेशाबाहेरच्या वाचकाला एवढंच सांगते, की अक्षय्य तृतीया आमच्याकडे लेकींचा सण. सासरच्या मुली माहेरी येतात, गौराई बसते, आणि गावागावांत झाडांना झोके लागतात. आमच्या गावात सगळ्यांत मोठा झोका शाळेच्या कडुनिंबालाच बांधत. बांधायच्या त्या अक्का. गावातली सर्वांत वडीलधारी बाई, सणावाराची सगळी सूत्रं त्यांच्या हाती. दोर कोणता घ्यायचा, फळी कुठली, पहिला झोका कोणत्या लेकीचा, अक्का सांगतील तसं. अक्का स्वतः फार वर्षांपूर्वी विधवा झालेल्या. झोका बांधून झाला की त्या दोराला लोंबकळून गाठ पारखायच्या आणि बाजूला व्हायच्या. त्या फळीवर बसल्याचं गावाने कधी पाहिलं नव्हतं.

आणि डिपोटी साहेब आले ते नेमके आखाजीच्या आदल्या दिवशी. ऊन चांगलं चढल्यावर गाडी चावडीपुढे उभी राहिली. मला वाटलं होतं, कुणी मोठ्या मिशांचा दांडगा माणूस असेल. उतरला तो उन्हाने लाल झालेला, छत्री घेतलेला, धुळीने शिंकणारा साधा माणूस. पण शाळेच्या अंगणात पाऊल टाकलं आणि ते जागीच थांबले. अंगणभर गाव लोटलं होतं. आम्ही मुली रांगेत, नव्या परकर-पोलक्यांत, कानात, नाकात, गळ्यात घरात होतं नव्हतं ते घातलेल्या. केसांत मोगरा. हळदीने पिवळ्याधम्म. पाठीमागे आमच्या आया, पदर सावरून, आणि साहेब काय बघतात ते बघत.

"आज इथे लग्न आहे का?" साहेबांनी पाटील आबांना विचारलं.

"नही साहेब," आबा म्हणाले. "तुमनी परीक्षा शे."

साहेब खुर्चीवर बसले. बाई एका बाजूला, भिंतीला जवळजवळ चिकटून. साहेब म्हणाले, "उडी." आम्ही जोरात म्हटलं, "गुडघे किंचित वाकवून दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीपासून सोडवणे व पुन्हा दोन्ही पायांवर हलकेच उतरणे, यास उडी म्हणतात." साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. मला वाटतं, हसू पुसलं. "धावणे," ते म्हणाले. आम्ही धावणे म्हटलं. आयांच्या चेहऱ्यावर अभिमान मावेना.

"पाठ उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण मुलींनो, हा पाठ करायचा विषय नाही, करायचा विषय आहे." मग ते बाईंकडे वळले. आवाज कडक नव्हता, उलट थोडा ओशाळलेलाच होता. "बाई, शिक्षकाने स्वतः करून दाखवलं पाहिजे असा नियम आहे. तुम्ही एक उडी मारून दाखवा. त्याशिवाय मला चांगला शेरा लिहिता येणार नाही, आणि शेरा चांगला नसला तर शाळेचं काय होईल ते तुम्हाला माहीत आहे."

बाई पुढे आल्या. अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या. एवढं माणूस भोवती, पुरुषही होते, आणि बाई पदर हनुवटीपर्यंत ओढून. लुगड्याच्या निऱ्या किंचित हलल्या, म्हणजे गुडघे वाकले होते. मला कळलं, दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. निऱ्या पुन्हा स्थिर झाल्या. असं दोनदा झालं. कडुनिंबाला बांधलेला रिकामा झोका वाऱ्याने आपला आपणच करकरत होता.

"साहेब," मी म्हणाले, "बाईंनी आम्हाला झोकापण शिकवलाय."

का बोलले, ते आजही सांगता यायचं नाही. त्या करकरीने बोलवलं असेल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. पण आमच्या थोराड मुलीने मला एकटी पडू दिलं नाही. तिने हात जोडून, डोळे मिटून, त्याच पाढ्याच्या चालीवर तिथल्या तिथे रचून टाकलं, "दोन्ही हातांनी दोर घट्ट धरून, गुडघे वाकवून व सरळ करून, फळी पुढे व मागे नेणे, यास झोका म्हणतात!"

साहेबांनी हुकमाचा कागद उघडून पाहिला. मग म्हणाले, "गावचे खेळ घ्यायला हरकत नाही, असं आहे खरं हुकमात." त्यांनी झोक्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. "मग बाई, झोका दाखवा. तेही चालेल."

साहेबांना काय ठाऊक ते काय बोलून बसले! आखाजीचा झोका सवाष्णींचा आणि कुवार पोरींचा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाटील आबा खाकरले. सगळ्यांच्या नजरा हळूहळू अक्कांकडे गेल्या. अक्का झाडाच्या बुंध्याशी उभ्या होत्या, एक हात दोरावर. त्या किती तरी वेळ बाईंकडे बघत होत्या.

"सरकारनं काम शे," अक्का म्हणाल्या. "त्याले कसाना इटाळ?" आणि त्यांनी फळी दोन्ही हातांनी धरून बाईंसमोर स्थिर केली.

बाई चालत झोक्यापाशी आल्या. आधी फळीवर बसल्या, अगदी कडेला, पाहुण्यांच्या घरी बसतात तशा. अक्कांनी पाठीला हात लावून ढकललं. झोका थोडा गेला, थोडा आला. साहेबांनी मान हलवून लिहायला घेतलं. त्यांच्या दृष्टीने काम झालं होतं. तेवढ्यात बाई फळीवर उभ्या राहिल्या.

त्या कशा उभ्या राहिल्या ते मला दिसलंच नाही. बसलेल्या होत्या, आणि मग उभ्या होत्या. गुडघे वाकले, सरळ झाले. झोका जोर धरू लागला. पदर डोक्यावरून खांद्यावर आला, खांद्यावरून घसरला, आणि दोन्ही हात दोरांवर असल्यामुळे त्यांना तो सावरता येईना. हात डोक्याच्याही वर होते. केसांची गाठ सुटली. झोका कौलांच्या वर गेला, मग चावडीच्या वर. मोहोर झडून आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडत होता. वर, पानांच्या गर्दीत, पांढरं लुगडं जायचं आणि यायचं. माझे डोळे जड झाल्यासारखे वाटू लागले, पाळण्यातल्या पोराचे होतात तसे. बायकांमधून कुणीतरी आखाजीचं गाणं धरलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच. वरून बाईंना नक्की नदीपलीकडचं दिसत असणार, असं माझ्या मनात आलं. मुलांची शाळा, त्याच्यापुढचे मळे, त्याच्याही पुढचं काहीतरी.

"पुरे बाई," साहेब म्हणाले. "दिसलं."

बाई थांबल्या नाहीत. साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनी शेरा पुरा केला, कागद आबांच्या हातात दिला. शाळा राहणार होती. आबांनी तो वाचून आम्हाला खुणेने सांगितलं. साहेब गाडीत जाऊन बसले, गाडी निघाली, आणि गाडीतून छत्रीखाली वाकून ते मागे बघत होते. झोका चालूच.

"आते थांबा म्हना तिले," आबा म्हणाले. "साहेब ग्यात." आणि एक गडी दोर धरायला पुढे झाला.

अक्कांनी त्याचा हात धरला. "दोरले हात नको लावू," त्या म्हणाल्या. "तिले वाटी तवय उतरी ती."

काकूने दोर धरला होता ती गोष्ट अक्कांना ठाऊक नव्हती. ती फक्त मला ठाऊक होती. म्हणून मी तिथे, हळद आणि मोगरा घालून उभी, हमसाहमशी रडत होते, आणि माय मला विचारत होती, "कसाले रडस व? पास व्हयनी ना तू?"

झोका हळूहळू खाली येत गेला. गाणंही विरत गेलं. जमीन जवळ आली तेव्हा बाईंनी दोर सोडले आणि चालत्या फळीवरून उडी मारली. दोन्ही पाय एकाच वेळी सुटले. दोन्ही पायांवर, हलकेच, त्या आमच्यासमोर उतरल्या. आणि आम्हा मुलींना जी सवय लागली होती तिला काय करणार? कुणी सांगितलं नसताना आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "यास उडी म्हणतात!"

बाई हसल्या. मी त्यांचे दात तेव्हा पाहिले. पदर उचलून त्यांनी खांद्यावर घेतला, डोक्यावर घ्यायला हात गेला, आणि घाम पुसून खाली आला. मागे अक्का रिकाम्या फळीवर हात ठेवून उभ्या होत्या. झोका पूर्ण थांबला तरी त्यांनी तो हात काढला नाही.

आखाजीची सुट्टी संपून शाळा भरली. बाई आल्या, खडू घेतला, आणि हात उंच करून फळ्याच्या अगदी वरच्या काठाशी त्या दिवसाची तारीख लिहिली. शाळा सुटताना पुसायला म्हणून आम्ही पुढे झालो. टाचा उंचावल्या, उड्यासुद्धा मारून पाहिल्या. आमचे हात तिथवर पोचेनात. उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत ती तारीख तशीच राहिली.